नळी कुठे आहे?

रविवारी सकाळी जिन्यात वरच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. थोरलीच्या पाठीवर लांबलचक काळी बॅग, माझ्या हातात तिचं जाडजूड जॅकेट आणि पाण्याची बाटली. "अगंबाई, गिटार वाटतं?" काकूंनी कौतुकानं विचारलं. "नाही, रायफल आहे," थोरली म्हणाली. गिटार असती तर ज्या सुरात सांगितलं असतं त्याच सुरात. "छान हो, छान," काकू हसून म्हणाल्या. पण बोलता बोलता त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या नातवाचा दंड धरला आणि त्याला हलकेच आपल्या मागे घेतलं, एका पायरीपुरतं. आपण असं केलं हे त्यांच्या लक्षातही आलं नसावं.

माझ्या मात्र आलं. गंगापूर रोडनं जाताना सगळा वेळ तो मागे घेतलेला मुलगाच डोळ्यांसमोर होता. रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं. बॅगेत बंदूक आहे म्हटल्यावर आधी लेकराला बाजूला घ्यायचं, हे कुठल्याही बाईच्या अंगात असतं, माझ्याही आहे. मला खुपलं ते वेगळंच. माझी बारा वर्षांची पोर आता कुणाला तरी बाजूला व्हावंसं वाटावं अशी वस्तू पाठीवर घेऊन फिरते, आणि ती तिच्या पाठीवर आम्हीच दिली आहे.

सुरुवात झाली ती ऑगस्ट २०२४ मध्ये. पॅरिसमध्ये स्वप्नील कुसळेनं नेमबाजीत, ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून मारायच्या प्रकारात, ब्राँझ जिंकलं तो दिवस. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर ७२ वर्षांनी मराठी मातीतल्या खेळाडूला ऑलिम्पिकचं वैयक्तिक पदक मिळालं होतं. मुलगा कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा, पण नेमबाजी शिकला आपल्या नाशिकमध्ये, त्यामुळे इथे तर घराघरांत तोच विषय. थोरली टीव्हीसमोर मांडी घालून बसली होती. पदकाचं तिला फारसं काही वाटलं नसावं. तिनं विचारलं, "आई, हा इतका वेळ नुसताच उभा का आहे? मारत का नाही?" आमच्यापैकी कुणालाच उत्तर देता आलं नाही. पुढच्याच महिन्यात तिचा बाबा तिला घेऊन नेमबाजीच्या एका रेंजवर गेला, नुसतं बघायला म्हणून. परत आली ती जेवताना एकच सांगत होती, "तिथे ना, सगळे गप्प असतात."

खरंच असतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा धडाडधूम आवाजांची तयारी ठेवून गेले होते. एअर रायफलचा आवाज मात्र कोरडा आणि छोटा. फट्ट. मग पलीकडच्या भिंतीवर टप्प. मधे अंतर दहा मीटर. आमच्या फ्लॅटच्या दारापासून स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंतही तेवढं भरत नाही, तेव्हा यात कसलं कौशल्य, असं क्षणभर वाटलं. मग तिथे शिकवणाऱ्या सरांनी टार्गेटचं कार्ड हातात दिलं. सगळी वर्तुळं मिळून साडेपंचेचाळीस मिलिमीटर, म्हणजे तळहातात मावणारं. मधोमध दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. छर्रा साडेचार मिलिमीटरचा. म्हणजे छर्रा ठिपक्याच्या नऊपट रुंद. शॉट अचूक बसला की ठिपका कागदावर उरतच नाही, तिथे स्वच्छ गोल भोक पडतं. ते कार्ड मी बराच वेळ उजेडाकडे धरून बघत राहिले.

छर्रा थोरलीच्या हातात लगेच पडला नाही. आधी नुसतं उभं राहायचं. पाय किती फाकवायचे, कंबर कुठे टेकवायची, डावं कोपर बरगडीवर कसं ठेवायचं. मग स्टँडवर टेकवलेली क्लबची ओपन साइट रायफल, म्हणजे उघड्या खाचेतून नेम धरायची, तीही रिकामी. तेव्हापासून सरांचा एक प्रश्न आमच्या घरात राहायला आला आहे. "नळी कुठे आहे?" पोरगं रायफल उचलतंय, ठेवतंय, मित्राशी बोलायला वळतंय, की मागून सर विचारणार. नळी नेहमी टार्गेटकडे. बोट ट्रिगरच्या बाहेर. बंदूक रिकामी आहे हे स्वतः बघितलं तरी ती भरलेलीच समजायची. खाली ठेवताना नळीत भडक रंगाची दोरी घालायची, तिला सेफ्टी फ्लॅग म्हणतात. दोरीचं टोक पुढून बाहेर आलं की लांबूनही कळतं, आत छर्रा नाही. कुणी कार्ड आणायला पुढे गेलं असेल तर रायफलला हातही लावायचा नाही, फायरिंग लाइनपासून एक पाऊल मागे सरायचं. आणि निघताना साबणानं हात धुवायचे, कारण छर्रा शिशाचा असतो. डबा रेंजवर उघडायचा नाही, बाहेर ओट्यावर बसूनच खायचं.

हे सगळं ऐकताना मला आमची द्राक्षबाग आठवत होती.

माझं माहेर निफाडजवळचं. जानेवारी-फेब्रुवारीत मण्यांत साखर उतरायला लागली की पाखरं यायची, बुलबुल आणि साळुंक्या. आता सगळीकडे जाळ्या लावतात, तेव्हा कुठल्या जाळ्या? आम्ही पोरं पहाटे उठून बागेच्या कडेनं पत्र्याचे डबे बडवत फिरायचो. गडी गोफण फिरवायचे. आणि अण्णांकडे छर्र्याची बंदूक होती, मधे मोडून भरायची. ती दाराआड खुंटीला टांगलेली असायची. आमचे हात पोचत होते, पण तिची नळी कुठे आहे असं कुणी कुणाला विचारताना मी कधी ऐकलं नाही. एका सकाळी अण्णांनी माझ्या डोळ्यांदेखत बुलबुल पाडला. मी धावत गेले. वेलीखाली ओल्या मातीत पडला होता, शेपटीखालचा लाल ठिपका वर आलेला. हातात घेतला तर ऊन होता, थंडीनं गारठलेल्या माझ्या बोटांना ती ऊब बरी वाटली. मला रडू आलं. आणि त्याच वेळी मनात हेही होतं की काय नेम आहे आमच्या अण्णांचा! दोन्ही खरं होतं. आजही त्यातलं एक ठेवून दुसरं टाकता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, पण आमच्या बागेत तो तेव्हा पोचलेला नव्हता. घड वाचवायचे होते आणि डोक्यावर कर्ज होतं.

म्हणून थोरलीच्या हातात रायफल आली तेव्हा माझ्या पोटात जो गोळा आला तो काकूंच्याच जातीचा होता. शस्त्र ते शस्त्रच. साडेचार मिलिमीटरच्या, ठरावीक ताकदीच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही हे खरं, पण तिच्या छर्र्यानं डोळा जाऊ शकतो हेही तितकंच खरं. दुकानातून घेतली, गच्चीवर नेली, कावळ्यांवर नि बाटल्यांवर नेम धरला, असं करणारी माणसं मी पाहिली आहेत. मुलांना नेमबाजीला घालू का, असं मला आता ओळखीपाळखीतले पालक विचारतात. त्यांना मी पहिलं हेच सांगते, गच्चीवर नको. रेंज हवी, शिकवणारा हवा, आणि "नळी कुठे आहे" म्हणून कंटाळा येईपर्यंत विचारणारं कुणीतरी हवं. यातलं एकही नसेल तर पोहायला घाला, मल्लखांबाला घाला.

माझ्या सासूबाईंचं यावरचं मत ऐकण्यासारखं आहे. त्यांचं सगळं आयुष्य देवळाली कॅम्पच्या बाजूला गेलं. तोपखान्याची शाळा जवळच, त्यामुळे सराव असला की खिडक्यांची तावदानं थरथरायची. पोळी लाटता लाटता मान वर न करता त्या म्हणायच्या, "आज फायरिंग आहे वाटतं." त्यांना बंदुकीचं नवल नाही आणि कौतुकही नाही. घरात रायफल येणार हे कळल्यावर त्यांनी एकच अट घातली. कपाटाला कुलूप हवं आणि किल्ली माझ्याकडे. ती अट आजही तशीच आहे. रायफल एका कपाटात, छर्रे दुसऱ्या खणात, किल्ली सासूबाईंच्या कमरेला. थोरलीला घरी ड्राय प्रॅक्टिस करायची असली, म्हणजे छर्रा न घालता भिंतीवरच्या ठिपक्यावर नेम धरायचा असला, की आजीकडे किल्ली मागावी लागते. आजी विचारते, "गृहपाठ झाला?" मग स्वतः उठून कपाट उघडते आणि सराव संपेस्तोवर जपमाळ घेऊन तिथेच बसून राहते.

आणि खंडेनवमीला त्यांनी रायफलच्या बॅगेला हळद-कुंकू वाहिलं. बॅगेलाच. आतली बाहेर काढायची नाही, म्हणाल्या. शेजारी विळी, स्क्रू ड्रायव्हरचा डबा, माझा लॅपटॉप आणि धाकट्याची सायकल. सगळ्यांना एकेक झेंडूचं फूल.

आता रविवारी आम्ही सगळेच रेंजवर असतो. आधी आम्ही नुसते बाकावर बसायचो. सरांनी पालकांनाही एकदा लाइनवर उभं केलं, म्हणाले, आपलं मूल काय करतंय ते कळायला हवं असेल तर स्वतः उचलून बघा. चार-साडेचार किलोची वस्तू खांद्याला लावून उभं राहणं हे भाजीची पिशवी उचलण्याइतकं सोपं नाही. मी पत्र्याच्या गोल डबीतून छर्रा उचलला. पुढून सपाट, मधे बारीक कंबर, मागे घेर. अर्ध्या ग्रॅमची ही वस्तू बोटांच्या चिमटीत जाणवतसुद्धा नाही. खाचेत ठेवून अंगठ्यानं पुढे सारला, लिव्हर मिटली. गाल लाकडावर टेकवला, ते माझ्या आधीच्या कुणाच्या तरी घामानं अजून ओलसर होतं. पीप साइटच्या, म्हणजे नेम धरायला डोळ्यापुढे असते त्या चकतीच्या, भोकातून बघितलं तर एकात एक दोन गोल आणि त्यात काळा गोळा. तो काळा गोळा स्थिर नव्हता. डावीकडे सरकायचा, परत यायचा, पुन्हा सरकायचा, एका लयीत. मला कळेना हे काय. सर मागून म्हणाले, "तुमच्या छातीचे ठोके आहेत ते. थांबवता येत नाहीत. ओळख करून घ्या."

अर्धा श्वास सोडला. ट्रिगरची पहिली पायरी बोटाला लागली. गोळा मधे आला आणि गेला. आता, आता, असं म्हणता म्हणता डोळ्यांत पाणी आलं आणि काळा गोळा पुसट झाला. "उतरवा," सर म्हणाले. मी मारायच्या बेतात होते. "उतरवा. सात-आठ सेकंदांत नाही सुटला तर तो शॉट आपला नाही. डोळा थकतो, आणि थकलेल्या डोळ्याला वाटतं की आपल्याला दिसतंय." मी रायफल खाली घेतली. खांद्यातून कळ गेली.

त्या दिवशी मला थोरलीच्या टीव्हीसमोरच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. तो नुसता उभा का आहे, मारत का नाही? कारण न मारणं हाही त्याच्या खेळाचा भाग आहे. २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राचा शेवटचा शॉट १०.८ चा होता, तो सगळ्या देशाला पाठ आहे. पण ही मुलं जेव्हा जुन्या स्पर्धांच्या चित्रफिती बघतात तेव्हा ती दुसरंच बघत असतात. कुणी किती वेळा रायफल उतरवली, उतरवल्यावर किती वेळ थांबला, डोळे मिटले की नाही. थोरलीच्या क्लबमधल्या मुली कोल्हापूरच्या नेमबाज तेजस्विनी सावंतचं, राही सरनोबतचं नाव घेतात तेव्हा पदकांइतकंच त्यांच्या उभं राहण्याबद्दल बोलतात. आमच्या लहानपणी मुलींना हे कोण शिकवत होतं? ताठ उभी राहा म्हणायचे, पण त्याचा अर्थ वेगळा असायचा.

सगळंच गोड आहे असं मी म्हणणार नाही. खर्च आहे. परदेशी मॅच रायफल लाखांत जाते. थोरलीची आहे ती एका मोठ्या मुलीनं वापरून सोडलेली, आणि जॅकेटही तिचंच, म्हणून आम्हाला जमलं. ते जॅकेट इतकं कडक असतं की जमिनीवर ठेवलं तर जवळपास उभं राहतं, एप्रिल-मेमध्ये त्यात पोर नखशिखान्त भिजते. आणि गुण! दहाच्या पुढे दशांश मोजतात, १०.९ पर्यंत. ते दशांश पालकांच्या डोक्यात शिरले की फार वाईट. बाकावर बसून स्क्रीनकडे बघत प्रत्येक शॉटला च्यक् करणारे आई-बाप मी बघते. पोराच्या मानेवर ते ऐकू आल्याचं दिसतं, मान किंचित आत जाते. आमच्या सरांनी यावर साधा उपाय केला आहे. नव्या मुलांची कार्डं ते उलटी लावतात, कोरी बाजू पुढे. वर्तुळं नाहीत, गुण नाहीत. फक्त छर्रे एकमेकांच्या जवळ बसतात का ते बघायचं, त्याला ग्रुपिंग म्हणतात. पाचही भोकं एका कोपऱ्यात पण एकमेकांना चिकटून असतील तर सर पाठ थोपटतात. कोपऱ्यातून मधे आणायला साइटचा स्क्रू दोन-चार क्लिक फिरवला की पुरतं, विखुरलेलं मात्र क्लिकनं गोळा होत नाही.

नवरात्रात कालिकेच्या यात्रेला गेलो होतो. जुन्या आग्रा रोडवर तीच ती गर्दी, तळलेल्या भज्यांचा वास, पाळण्यांचा करकराट. फुगे फोडायच्या स्टॉलपाशी धाकटा अडून बसला. पैसे दिले, मालकानं बंदूक पुढे केली, थोरलीनं ती घेतली आणि फळीवर ठेवून दिली. फळ्याजवळ एक मुलगा वाकून फुटलेल्या फुग्यांच्या जागी नवे लावत होता, धाकट्यापेक्षा थोडासाच मोठा असेल. त्याच्या डोक्यावरून, बाजूनं, दुसरे दोघं-तिघं खुशाल मारत होते. "दादा, थांबा! पुढे माणूस आहे," थोरली म्हणाली. रेंजवरच्या आवाजात म्हणाली, मोठ्यानं आणि सपाट. ते थांबले. एकानं हसून बंदूक खांद्यावर टाकली, तर तिची नळी मागच्या गर्दीकडे झाली. "नळी पुढे," ती पुन्हा म्हणाली. मालक वैतागला, "ताई, खेळायचं नसेल तर पैसे घ्या परत." तो वाकलेला मुलगा मात्र सरळ उभा राहून तिच्याकडे बघत होता. त्याला आजवर कुणी माणूस म्हणून थांबवलं होतं की नाही, कोण जाणे. आम्ही पैसे परत घेतले नाहीत. तो मुलगा बाजूला होईपर्यंत थांबलो, मग धाकट्यानं फुगे फोडले.

घरी येताना मला पुन्हा काकू आठवल्या. त्यांनी नातवाला मागे घेतलं आणि माझ्या लेकीनं त्या परक्या मुलासाठी अख्खा स्टॉल थांबवला. दोघींनी एकच तर केलं होतं. ती भीती माझ्या घरातून जाऊ नये असं आता मला मनापासून वाटतं. बंदुकीची सवय व्हावी, पण तिच्या नळीची होऊ नये.

परवा अण्णा आले होते, त्यांनाही रेंजवर नेलं. नातीनंच त्यांना उभं केलं, कोपर बसवलं, बोट ट्रिगरवरून दोनदा काढायला लावलं. अण्णांनी तिचं सगळं मुकाट्यानं ऐकलं. त्यांची सवय झटकन मारायची, पाखरू थांबत नाही ना. पहिला छर्रा पाचाच्या वर्तुळात गेला. "आजोबा, तुम्ही काय मारायचात?" तिनं विचारलं. "पाखरं," अण्णा म्हणाले, तिच्याकडे न बघता. ती काही बोलली नाही. डबीतून पुढचा छर्रा काढून त्यांच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "आता सावकाश. कार्ड कुठे जात नाही."

धाकट्याला दिवाळीनंतर सुरू करायचं म्हणतोय. तो आठ वर्षांचा आहे, दिवसभर बोटांची बंदूक करून सगळ्यांना ठिश्क्यांव करत असतो, म्हणून माझं मन अजून तयार नाही. सर म्हणाले, आणा तर खरं, सहा महिने छर्रा देत नाही, नुसतं उभं करतो, टिकला तर बघू. सासूबाईंनी कपाटासाठी दुसरं कुलूप आणून ठेवलं आहे. थोरलीनं त्याला आतापासून कामाला लावलंय. ती घरी सराव करते तेव्हा तो शेजारी वही घेऊन बसतो, आणि तिनं किती वेळा नेम धरून न मारता रायफल उतरवली त्याच्या रेघा ओढतो. काल त्याचं नि तिचं त्यावरून भांडण झालं. एक रेघ त्यानं जास्तीची ओढली, असं तिचं म्हणणं होतं.